ठाण्यात लाकूडतोडीच्या वारशावर दोन दिवसांचा महोत्सव: ओंडके, करवती, परवानग्या याबद्दल माहिती हवी

मैदानवाला

नमस्कार मंडळी. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका मैदानावर फेब्रुवारीत शनिवार-रविवार असा महोत्सव ठरतोय. विषय जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या लाकूडतोडीचा: जंगलातल्या कुपापासून (तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा) शहरातल्या वखारीपर्यंत लाकूड कसं यायचं, ते कोण तोडायचं, त्याचं पुढे काय व्हायचं. आयोजक समिती वेगळी आहे. मैदानावरची आखणी आणि स्वयंसेवक एवढंच काम माझ्याकडे.

मैदान साधारण ६० बाय ४० मीटर, लांबी पूर्व-पश्चिम. स्वयंसेवक ३५. संध्याकाळी एका वेळी चारशे-पाचशे माणूस धरलंय. कार्यक्रमात दोघांनी ओढायच्या करवतीची स्पर्धा (३० जोड्या), जुन्या हत्यारांचं प्रदर्शन, ओंडक्यांची मांडणी, मुलांसाठी कोपरा, खाण्याचे स्टॉल आणि संध्याकाळी तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य आणि त्यावरचा नाच).

१) स्पर्धेसाठी कोणतं लाकूड, किती आणि कुठून?
२) दर्शनी भागात १२० सेंटिमीटर घेराचे, ६ मीटर लांबीचे तीन सागवानी ओंडके ठेवायचे म्हणतात. आणायचे-उतरवायचे कसे?
३) कोणत्या गोष्टी हमखास चुकतात?

---

घनफूट

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमची अख्खी आखणी त्यावर अवलंबून आहे. आधी मंडप घालून मागाहून ओंडके आणायला गेलात, तर ट्रक आत वळणार नाही आणि अर्धा मंडप सोडवावा लागेल. ओंडके आधी, बांबू नंतर.

आता वजन. वखारीत घनफळ काढतात ते पाव घेराच्या हिशेबाने: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १२० सेंमी घेराचा पाव ३० सेंमी, म्हणजे ०.३ × ०.३ × ६ = ०.५४ घनमीटर. हा व्यापाराचा हिशेब, साल आणि चिराईतली तूट आधीच वजा धरणारा. खरं घनफळ घेराचा वर्ग भागिले १२.५७ गुणिले लांबी, म्हणजे जवळजवळ ०.६९ घनमीटर. पाव घेराचं उत्तर खऱ्याच्या ७८.५ टक्केच भरतं. बिलावरचा आकडा पाहून क्रेन सांगणारे नेमके इथे फसतात. सुकलेला साग घनमीटरला साधारण ६५० किलो, पण ओला कितीतरी जड. उचलायच्या कामाला ओलं लाकूड पाण्याइतकं, म्हणजे घनमीटरला १००० किलो धरा. एक ओंडका पावणेसातशे ते सातशे किलो, तीन मिळून दोन टनांच्या वर.

छोटा हत्ती (लहान टेम्पो) विसरा. त्याचा हौदा सुमारे सात फुटी आणि वजनाची मर्यादा एका ओंडक्यातच संपते. १९-२० फुटी हौद्याचा ट्रक आणि उतरवायला हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन). साखळी नको, ती सालीवरून घसरते. रुंद पट्ट्याचे दोन बेल्ट, प्रत्येक निदान दोन टनी, दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाचव्या भागावर. ओंडक्याच्या एका टोकाला दोर बांधून एक माणूस लांबून धरून उभा राहू दे, नाहीतर हवेत ओंडका गरगरतो. पेव्हर ब्लॉक किंवा गटाराच्या झाकणावरून हायड्रा नेऊ नका, चाक आत गेलं की दिवस गेला.

रचायचे एकाच थरात. एकावर एक चढवलेले दिसायला झकास, पण मुलं चढणार म्हणजे चढणारच. प्रत्येक ओंडक्याखाली दोन आडवी फळकुटं, आणि दोन्ही बाजूंनी खिळ्याने ठोकलेल्या पाचरी. दगड लावून भागवू नका, तो सरकतो. फेब्रुवारीच्या उन्हात टोकं तडकतात, म्हणून कापलेल्या तोंडांना आदल्या दिवशी मेण किंवा जाड रंगाचा हात द्या.

आणि कागद. सागाची वाहतूक वनखात्याच्या परवान्याशिवाय होत नाही. ओंडक्यावर पासिंग हातोड्याचा (वनखात्याच्या तपासणीचा) ठसा हवा आणि परवान्यावरचं माप ओंडक्याशी जुळायला हवं. विकत घेण्यापेक्षा वखारवाल्याकडून दोन दिवस भाड्याने घ्या. मात्र जाताना आणि येताना दोन्ही फेऱ्यांचे कागद लागतील हे त्याच्याशी आधीच बोला. परतीच्या फेरीचा कागद नेमका विसरतात.

---

कानस

स्पर्धेचं मी सांगतो.

साग अजिबात नको. महाग तर आहेच, पण सागात सिलिका असते, ती करवतीचे दात बोथट करते. पंधराव्या जोडीला पहिल्या जोडीइतकी धार मिळणार नाही आणि भांडण होईल. सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळही उठतं. ओली सुबाभूळ घ्या. ओलं लाकूड आडवं कापायला सुक्यापेक्षा सोपं.

घेर ९० सेंमी, म्हणजे व्यास साडेअठ्ठावीसच्या आसपास. लांबी ३ मीटर. वजन, वरच्याच हिशेबाने, ओलं धरून १९० किलो. सहा जणांनी दोराच्या फासातून उचलता येतो, पण पाठीने नाही, गुडघ्यातून. दोन घोड्या (ओंडका टेकवायचे लाकडी स्टँड) मांडून दोन जोड्या एकदम लढवायच्या असतील तर दोन्ही ओंडके एकाच झाडाचे, लागोपाठच्या तुकड्यांचे घ्या. बुंध्याचा आणि शेंड्याचा तुकडा समोरासमोर ठेवलात तर घेरात दहा सेंमीचा फरक सहज पडतो, आणि कापायचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाने वाढतं. ९० आणि १०० सेंमी घेरांत काम जवळजवळ २३ टक्क्यांनी जास्त.

चकती पाच सेंमीची. ३० जोड्यांना दीड मीटर, शिवाय करवतीने खाल्लेली फट, शिवाय पकडीसाठी मागचा सत्तर सेंमी. तीन मीटरच्या एका ओंडक्यात तीस जोड्या बसतात. दोन ओंडके असतील तर सरावालाही भरपूर उरेल.

करवत पाच फुटी. नवख्या जोडीला दीड ते तीन मिनिटं लागतात. मांडणी, कापणं, ओंडका पुढे सरकवणं मिळून जोडीमागे सहा मिनिटं पकडा.

करवत अडकते त्याची दोन कारणं. पहिलं, टेकू. ओंडका दोन घोड्यांवर ठेवून मधोमध कापायला घेतला की तो मध्ये वाकतो आणि वरची फट मिटून पातं दाबून धरते. कापायची जागा घोडीच्या बाहेर ठेवा, १५-२० सेंमी लोंबती, म्हणजे फट उघडत जाते आणि चकती खाली पडते. त्याहून जास्त लोंबती ठेवली तर शेवटी तुकडा चिरफाळून तुटतो. मागच्या बाजूला ओंडका साखळीने घोडीला आवळा. इथे साखळीच हवी, बेल्ट ताणला जातो.

दुसरं कारण माणसं. ही करवत ओढायची असते, ढकलायची नसते. समोरच्याने ओढताना आपण फक्त हात सैल सोडायचा. ढकललं की पातं कमानीसारखं वाकतं. हे प्रत्येक जोडीला घोडीपाशी अर्धा मिनिट प्रत्यक्ष करून दाखवा, माइकवरून कुणी ऐकत नाही.

दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले आहेत का ते पाहा. तो वाक गेला असेल तर धार कितीही असो, करवत रुततेच. दर सहा-सात जोड्यांनंतर पात्यावरचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसा, तिकोनी कानशीचे दोन हात फिरवा. राखीव करवत एक तरी असू द्या, मूठ निघते नाहीतर दात मोडतो.

---

डोंगरपायथा

माहितीफलकांबद्दल कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

मुंबई इलाख्यात सरकारी वनसंरक्षक नेमला गेला १८४७ मध्ये, अलेक्झांडर गिब्सन. जहाजांना आणि इमारतींना लागणाऱ्या सागाची ओढ हे त्यामागचं मोठं कारण. पुढे रेल्वे आली, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि स्लीपर, पूल, इंधन अशी लाकडाची भूक आणखी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलं ठरली आणि गावकऱ्यांचे जुने हक्क आवळले गेले. हे शेवटचं वाक्य फलकावर यायलाच हवं. एरवी महोत्सव म्हणजे नुसती कुऱ्हाडीची आरती.

मुंबई गोदीत बांधलेल्या जहाजांचा उल्लेख करणार असाल तर जपून. १८१७ मध्ये इथे तयार झालेलं ट्रिंकोमाली आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे, पण त्याचा साग मलबारचा. ‘आपल्या शहापूरच्या सागाचं जहाज’ असं लिहून टाकू नका. आपल्याकडचा खरा धागा कल्याण-भिवंडीचा. १६५७ मध्ये हा भाग शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि तिथल्या खाडीत स्वराज्याची जहाजं बांधली जाऊ लागली.

तोडणारे हात कुणाचे, तर वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे. त्यांच्या मजुरीचा, वेठबिगारीचा फलक हत्यारांच्या शेजारीच लावा, मागच्या भिंतीला नको. १९४५ ते ४७ चं वारल्यांचं वेठबिगारीविरुद्धचं आंदोलन, गोदावरी आणि शामराव परुळेकर, तलासरी-डहाणू-उंबरगाव हा पट्टा. त्यानंतर, मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, जंगल कामगार सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि कूप ठेकेदाराऐवजी सोसायटीकडे जायला लागला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे फलकांवर ‘जुना ठाणे जिल्हा’ असंच लिहा.

तारपा वाजवणाऱ्यांना आणि कुऱ्हाड-कोयत्याचं काम दाखवणाऱ्यांना मानधन रोख, काम सुरू व्हायच्या आधी, जाण्या-येण्याची गाडी आणि जेवण वेगळं. ‘नंतर चेक देतो’ हे इथे चालत नाही. आणि तारपा म्हणजे पाहुणे येईपर्यंतचं पार्श्वसंगीत नव्हे. त्याला स्टेजही नको, मोकळं वर्तुळ द्या, निदान १२ मीटर व्यासाचं, कारण नाचणारे वाजवणाऱ्याभोवती फिरतात.

---

मैदानवाला

घनफूट, कानस, डोंगरपायथा, तिघांचे आभार. वजनाचा हिशेब समितीला दाखवला, सहा मीटरचे तीनऐवजी तीन-तीन मीटरचे दोन ठरले.

आता नवीन मागण्या आल्यात: (अ) पेट्रोल चेन-सॉचं प्रात्यक्षिक, (आ) कुऱ्हाडफेक, (इ) तलावात किंवा खाडीत ओंडक्यावर तोल सांभाळायचा खेळ, परदेशातल्या व्हिडिओत असतो तसा. आणि कुणीतरी म्हणालं की पावसाळ्यात पडलेल्या रस्त्यावरच्या झाडांचे ओंडके फुकट मिळतील, सुबाभूळ कशाला विकत घ्यायची?

---

पिवळी टोपी

(इ) पासून. खाडी नाही म्हणजे नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलं. ते बाजूला ठेवलं तरी ओहोटीला तिथे कमरेइतका चिखल असतो, माणूस रुतला तर बाहेर काढायला होडीही पोचत नाही. तलावाला महापालिकेची परवानगी, जीवरक्षक, लाइफ जॅकेट आणि दुसऱ्या दिवशी ओंडका बाहेर काढायला पुन्हा हायड्रा. ३५ स्वयंसेवकांत हे बसत नाही.

(आ) कुऱ्हाडफेकही सोडा. फेकलेली कुऱ्हाड दर वेळी रुतत नाही, दांडा आधी लागला की ती फेकणाऱ्याकडे उसळून येते. त्याला दोन्ही बाजूंना आणि मागे जाळी, एका वेळी एकच माणूस, प्रत्येक रांगेला शिकवलेला पंच लागतो. संध्याकाळी पाचशे माणसांच्या गर्दीत कुणीतरी मूल जाळीखालून घुसणारच.

(अ) करता येईल, पण पेट्रोलऐवजी बॅटरीचं यंत्र घ्या. पेट्रोल चेन-सॉ चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातं. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि शाळा-रुग्णालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र. आजूबाजूच्या इमारतींतून पहिल्या दहा मिनिटांत पोलिसांना फोन जाईल. बॅटरीचंही आवाज करतंच, म्हणून दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, दुपारी. फक्त आडवा पडलेला ओंडका कापायचा. उभं झाड किंवा रोवलेला खांब पाडून दाखवणं नाही. चालवणारा प्रशिक्षित, अंगावर कापरोधक पँट, हेल्मेटची जाळी, कानपट्टी, हातमोजे, टाचेला-बोटांना पोलाद असलेले बूट. पट्टीच्या (जिच्यावरून साखळी फिरते ती) टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की यंत्र उसळून तोंडावर येतं. त्यासाठी पुढचा ब्रेक सुरू करण्याआधी तपासायचा. प्रेक्षकांची दोरी चारही बाजूंनी सहा मीटर लांब, आणि साखळीच्या रेषेत समोर कुणीही नाही, तुटलेली साखळी त्याच दिशेने सुटते.

आगीचं. फेब्रुवारीत दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. भुसा खाण्यात उडू नये म्हणून स्टॉल पश्चिमेला आणि करवती पूर्वेला ठेवाल. ते बरोबर, पण मग चुलीची ठिणगी वाऱ्याबरोबर भुशाकडे येणार. म्हणून स्टॉलवर फक्त गॅस, कोळसा-लाकडाची चूल नाही. वारशाच्या नावाखाली कुणी चुलीवरची भाकरी मागेल, तिला नकार द्या. दोन्हींच्या मधे स्टेज आणि प्रदर्शन ठेवा. भुशाच्या ढिगाला पावडरचा सिलिंडर मारलात तर भुसाच उडतो आणि आग पसरते. तिथे पाण्याचे सिलिंडर आणि भरलेल्या बादल्या. विजेच्या बोर्डापाशी मात्र एबीसी पावडर. भुसा दर तासाला पोत्यात भरून बाहेर. बिडी-सिगारेट बंद.

वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवर, प्रत्येक फाट्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). वायरी जमिनीवरून नको. भुशाखाली गेलेली वायर दिसत नाही आणि पहिला कुदळवाला तिच्यावर घाव घालतो.

परवानग्या: महापालिकेचं मैदान आणि मंडप, अग्निशमन दलाचं ना-हरकत, पोलीस ठाणे, वाहतूक शाखा, ध्वनिक्षेपक. मंडपाचा नकाशा मापांसकट लागतो, म्हणून तो आधी काढा. रात्री दहाला आवाज बंद. स्टॉलवाल्यांची अन्नसुरक्षा नोंदणी त्यांच्याकडून अर्जाबरोबरच मागून घ्या. प्रथमोपचाराच्या टेबलावर रक्तस्राव थांबवायच्या जाड पट्ट्या जास्त ठेवा. एरवीच्या पेटीत बँड-एडच असतात. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाच्या ओळखपत्रामागे छापा, आणि एक फाटक कायम मोकळं.

---

कानस

रस्त्यावरचं झाड फुकट मिळतं हे खरं, पण त्यात खिळे असतात. पाटी, दिव्यांची माळ, शुभेच्छांचे फलक, वीस वर्षांत काय काय ठोकलेलं असतं. खोड वाढलं की खिळा आत गडप होतो, बाहेरून दिसत नाही. करवतीचे चार दात एका खिळ्यात जातात. चेन-सॉची साखळी लागली तर जास्त वाईट. घ्यायचंच असेल तर जमिनीपासूनचे पहिले तीन मीटर सोडून वरचं घ्या, आणि मेटल डिटेक्टर फिरवा. सालीखाली निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. शिवाय पडलेला गुलमोहर बहुधा आतून सडलेला असतो, म्हणून तर पडतो.

आणि पडलेलं झाडही महापालिकेचंच. वृक्ष प्राधिकरणाच्या किंवा उद्यान विभागाच्या पत्राशिवाय उचललंत तर १९७५ चा झाडांचा कायदा आडवा येईल. लाकूडतोडीच्या महोत्सवात विनापरवाना झाड, ही बातमी कुणालाच नको आहे.

---

सुतारपक्षी

मुलांच्या कोपऱ्यासाठी.

सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की तळवा लाल होतो. खर्च शून्य, गर्दी भरपूर. पानं मात्र त्याच दिवशीची हवीत. फेब्रुवारीत साग पानं गाळतो, त्यामुळे कोवळं पान मिळेलच असं नाही. एखाद्या रोपवाटिकेत पाणी घातलेली रोपं आहेत का, ते आठवडाभर आधी पाहून ठेवा.

वर्तुळं मोजायला सागाचीच चकती द्या, वखारीत तुटक्या मिळतात. सागाची वर्षाची कडी स्पष्ट दिसते. सुबाभूळ किंवा आंब्याच्या चकतीवर मोजायला लावलंत तर मुलंच नव्हे, पालकही वैतागतील. चकतीला आधी ८० आणि मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, वरून ओलं फडकं फिरवा, कडी उठून दिसते. घासायचं काम मुलांना देऊ नका, वर सागाच्या भुशाबद्दल लिहिलंच आहे.

हत्यारांच्या टेबलावर कुऱ्हाड, कोयता, वाकस, रंधा, पटाशी, गिरमीट. पात्यांना रबरी नळी चिरून घाला आणि हत्यारं फळीला तारेने बांधा. दांडे वेगळे मांडा. धामणीचा दांडा लवचिक, म्हणून हाताला झटका कमी बसतो. हे मुलांना वाकवून बघू द्या. शेजारी खैराचा तुकडा आणि काताची वडी ठेवा. खैराच्या गाभ्यातून कात निघतो आणि कातकऱ्यांचं नाव त्याच कामावरून पडलं, हे विड्यातला कात माहीत असणाऱ्यांनाही बऱ्याचदा ठाऊक नसतं.

नवी मुंबईच्या बाजूने दिवाळे, करावे, सारसोळे इथल्या कोळीवाड्यांतून होडीचं काम जाणणारा कुणी मिळाला तर फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून दाखवायला सांगा. ओंडक्याचं पुढे काय व्हायचं, हा तुमचा विषय तिथे पुरा होतो. मात्र वेळ भरती-ओहोटी पाहून ठरवा. मासेमारीच्या दिवशी ते येणार नाहीत.

---

मैदानवाला

कुऱ्हाडफेक आणि तलाव दोन्ही रद्द. चुलीवरच्या भाकरीवरून समितीत बराच वाद झाला, पण ‘पिवळी टोपी’ यांचं भुशाचं वाक्य वाचून दाखवल्यावर गप्प झाले.

शेवटचा एक प्रश्न. कापलेल्या चकत्या जोड्यांना आठवण म्हणून द्यायच्या आहेत. आणि रविवारी रात्रीची आवराआवर कोणत्या क्रमाने?

---

कानस

चकत्या द्या, पण ओल्या सुबाभळीची चकती सुकताना मध्यापासून कडेपर्यंत एक तडा जाणारच. लाकूड परिघाच्या दिशेने जास्त आकसतं, त्रिज्येच्या दिशेने कमी, म्हणून. आधीच सांगून टाका, नाहीतर आठवड्याने ‘फुटकी दिली’ असे फोन येतील. घरी महिनाभर कागदात गुंडाळून सावलीत ठेवली तर तडा बारीक राहतो. जोडीचं नाव रंगाच्या पेनने साल सोडून आतल्या भागावर लिहा, साल गळते.

---

घनफूट

आवराआवर: रात्री आधी हत्यारं मोजून पेटीत, मग भुसा, मग स्टॉल. मंडप सोमवारी सकाळी आणि ओंडके सर्वांत शेवटी, उजेडात. रात्री दमलेल्या माणसांनी पाचर काढायची नाही. तोवर दोन जण रात्रभर पहाऱ्याला, कारण तीन मीटरचा साग चोरायला चार माणसं आणि एक टेम्पो पुरतो. सकाळी हायड्रा येण्याआधी परतीचा वाहतूक परवाना ड्रायव्हरच्या हातात आहे का, ते बघा.